लेखनशंका : दार बंद, आत दोघं

दिवाळी अंकांसाठी लेखनाची लगबग सुरू झाली की आमच्याकडे रहस्यकथेबद्दलच्या पत्रांची संख्या वाढते. या खेपेला त्यातली बरीच पत्रं एकाच प्रकाराबद्दल आहेत : मागावर असलेल्या माणसाबरोबर बंद जागेत अडकणं. म्हणून ती सगळी एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : माझ्या कथेतली नायिका हिंजवडीतल्या ऑफिसच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये रात्री अडकते. तिच्यावर कित्येक महिने नजर ठेवून असलेला सुरक्षारक्षक तिथेच आहे. दोन संपादकांनी कथा परत पाठवली, शेरा एकच : ‘ती फोन का करत नाही?’ खरं तर मोबाइलची बॅटरी संपल्याचं मी लिहिलं होतं. तेवढं पुरेसं का नाही? (वाचक, पिंपरी)

बॅटरी संपली की फोनशी संबंधित सगळ्या शक्यता एका वाक्यात संपतात. नायिकेला काही करून बघायला उरत नाही आणि वाचकाला कशाची आशा धरता येत नाही. फोन चालू ठेवा, पण अर्धवट चालू ठेवा. तळघराच्या खालच्या, दुसऱ्या मजल्यावर नेटवर्क बहुधा नसतं, रॅम्पच्या तोंडाशी एखादी काडी येते-जाते. म्हणजे फोन करायचा तर उजेडात, उघड्यावर, त्याच्या नजरेच्या टप्प्यात जावं लागणार. हा खरा पेच झाला. स्वतःच्या कंपनीचं नेटवर्क नसलं तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून ११२ला कॉल जाऊ शकतो, हे बऱ्याच वाचकांना माहीत असतं. ती शक्यता तुम्ही विचारात घेतलेली दिसायला हवी. कॉल लागला तरी तळघरात जीपीएस नीट चालत नाही. पोलिसांना इमारतीच्या आसपासचा भाग कळेल, ती जमिनीखाली दुसऱ्या मजल्यावर पंपरूममागे आहे हे कळणार नाही. ते तिला बोलूनच सांगावं लागेल, आणि बोललं की आवाज होणार.

आता मूळ दुखणं. तुमची कथा फोनमुळे परत आली असली तरी तिच्यातल्या इतर वाटाही बंद झालेल्या नाहीत. कागदावर जागेचा नकाशा काढा : रॅम्प आणि त्यावरचं शटर, लिफ्ट, जिने, पंपरूम, विजेच्या पॅनलची खोली, एग्झॉस्ट पंख्यांचा झरोका, रक्षकाची केबिन. प्रत्येक वाटेपुढे तीन गोष्टी लिहा. ती आज का बंद आहे, कुणी बंद केली, आणि वाचकाला हे कधी कळतं. सगळ्या वाटा खलनायकाने बंद केल्या तर तो सर्वशक्तिमान होतो, सगळ्या योगायोगाने बंद झाल्या तर कथा कोसळते. एखादी इमारतीच्या हलगर्जीने, एखादी त्याने ठरवून, आणि एक तरी नायिकेच्या स्वतःच्या निर्णयाने बंद व्हावी.

हलगर्जीचं उदाहरण घ्या. आगीच्या वेळी बाहेर पडायचं दार आतून किल्लीशिवाय उघडलं पाहिजे, असा नियम आहे. त्यावर आडवा दांडा असतो, तो दाबला की दार उघडतं. म्हणून ‘जिन्याचं दार बंद होतं’ एवढंच लिहिलंत तर जाणकार वाचक तिथेच थांबतो. त्या दांड्याला साखळी-कुलूप घातलेलं आहे किंवा दारापुढे जुन्या खुर्च्यांचा ढीग आहे, असं लिहा. आणि ते पहिल्याच पानावर दिवसाउजेडी दाखवा, शक्यतो नायिका त्याबद्दल तक्रार करत असताना. मग रात्री ती तिकडे धावतच नाही. तिला माहीत असतं, आणि वाचकालाही.

फायर अलार्मचा विचार तुम्ही केलेलाच नाही, आणि तुमच्या कथेत सगळ्यात जास्त नाट्य तिथे आहे. भिंतीवरच्या लाल पेटीची काच फोडली की भोंगा वाजतो. पण त्याचं नियंत्रण करणारं पॅनल बहुधा तळमजल्यावरच्या सुरक्षा कक्षात असतं आणि भोंगा गप्प करायचं बटण रक्षकाला ठाऊक असतं. भोंगा वाजतो, मिनिटभराने थांबतो. थांबला याचा अर्थ आत्ता या क्षणी तो वर, पॅनलपाशी आहे. त्याला खाली यायला जेवढा वेळ लागेल तेवढाच वेळ तिच्या हातात. फसलेल्या प्रयत्नातून तिला काहीतरी कळलं पाहिजे. नुसता फसलेला प्रयत्न म्हणजे वाया गेलेली दोन पानं.

दिव्यांकडेही बघा. नव्या पार्किंगमध्ये हालचाल टिपणारे सेन्सर असतात : माणूस हलला की त्या पट्ट्यातले दिवे प्रखर होतात, हालचाल थांबली की काही वेळाने मंदावतात किंवा विझतात. म्हणजे ती कुठल्या रांगेत आहे हे दिवेच सांगतात. ती निश्चल राहिली तर अंधार तिला लपवतो. आणि दूरच्या रांगेतला दिवा अचानक लागला तर रक्षक कुठे आहे हे तिलाही कळतं. आवाजाचं मात्र उलटं. काँक्रीटच्या छताखाली पावलं घुमतात, दिशा कळत नाही.

वेळेची निवड हीसुद्धा एक बंद वाट असते. पार्किंगमधल्या पाठलागावरच्या ‘पी२’ (२००७) या अमेरिकन चित्रपटाने न्यूयॉर्कमधली नाताळची आदली रात्र निवडली, कारण त्यानंतर इमारतीत कुणी फिरकत नाही. तुमच्या जागेला लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ शोभेल. लोक लवकर घरी जातात, पुढे सलग सुट्ट्या असतात, रक्षकही कमी असतात. शिवाय बाहेर फटाके वाजत असताना किंकाळीकडे कुणी वळून बघत नाही.

प्रश्न : लिफ्टमध्ये स्टॉकरबरोबर अडकण्यावर दीर्घकथा होईल का? दोर तुटण्याचा प्रसंग घातला आहे. (वाचक, डोंबिवली)

दोर तुटण्याचा प्रसंग काढून टाका. लिफ्टला एकाहून अधिक दोर असतात, आणि वेग मर्यादेबाहेर गेला तर गव्हर्नर नावाचा भाग पकडी आवळून लिफ्टला रुळांवर घट्ट धरून ठेवतो. वीज गेली की ब्रेक आपोआप लागतो, कारण तो विजेने सुटतो आणि स्प्रिंगने आवळला जातो. बऱ्याच नव्या लिफ्टमध्ये बॅटरीवरची यंत्रणा लिफ्टला जवळच्या मजल्यावर नेऊन दार उघडते. तेव्हा नुसती वीज घालवूनही भागणार नाही. हवा संपून गुदमरणंही खोटं. लिफ्टच्या डब्याला झरोके असतात. छतातली झडप असली तरी ती आतून सहसा उघडत नाही, ती बाहेरून येणाऱ्या तंत्रज्ञासाठी असते.

एका डब्यात दोघांवर दीर्घकथा चालणार नाही असं आमचं मत आहे. सहा माणसांच्या लिफ्टवर ‘४०८ किलो’ अशी पाटी असते. त्या डब्याची लांबी-रुंदी जेमतेम मीटर-सव्वा मीटर. तिथे लपता येत नाही, पळता येत नाही, दुसरा डाव मांडता येत नाही. जे व्हायचं ते पहिल्या दोन मिनिटांत होतं. दोन-अडीच हजार शब्दांत मावेल एवढाच तिचा जीव आहे.

दीर्घकथाच हवी असेल तर गिरगावातल्या किंवा फोर्टमधल्या जुन्या इमारतीतली जाळीच्या दाराची लिफ्ट घ्या. तिचं जाळीचं दार चालू लिफ्टमध्ये थोडं सरकवलं तरी विजेचं वर्तुळ तुटतं आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबते. वरच्या मजल्यावर कुणी बाहेरचं दार उघडं ठेवलं तर ती हलतच नाही. आणि जिना बहुतेकदा लिफ्टच्या पिंजऱ्याभोवतीच वळत जातो. नायिका आत, तो बाहेर जिन्यावर. जाळीतून एकमेकांना दिसतात, तो तिच्या भोवती चढतो-उतरतो. आत असणं ही कैदही आहे आणि संरक्षणही. दार पूर्ण लावून घेतलं तर लिफ्ट चालू होईल, पण कुठल्या मजल्यावर थांबायचं? तो जिन्याने तिच्याआधी पोचू शकतो. या एका प्रश्नावर पंधरा पानं लिहिता येतील. तिथले शेजारी कुठे आहेत याचं उत्तर तेवढं शोधून ठेवा. जुन्या इमारतीत माणसं राहतात आणि ती चौकशी करायला बाहेर येतात.

प्रश्न : माझा खलनायक ‘फिल्मी’ वाटतो असं मैत्रिणी म्हणतात. तो हसतो, कविता म्हणतो, धमक्या देतो. काय चुकतं? (वाचक, छत्रपती संभाजीनगर)

त्याला नायिकेकडून नेमकं काय हवं आहे हे तुम्ही ठरवलेलं नाही, म्हणून तो सगळंच थोडं थोडं करतो. ऑस्ट्रेलियातले मनोविकारतज्ज्ञ पॉल मलन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये १४५ स्टॉकरांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्यांचे पाच प्रकार मांडले : नाकारला गेलेला, जवळीक शोधणारा, नातं जुळवायची रीतच न कळणारा, सूडाने पेटलेला, आणि हल्ल्याच्या तयारीने पाळत ठेवणारा. लेखकासाठी ही वाटणी फार उपयोगी आहे, कारण बंद जागेत प्रत्येकाचं वागणं वेगळं होतं.

नाकारला गेलेला जुना नवरा किंवा प्रियकर समेट आणि सूड यांच्यात हेलकावतो. दहा मिनिटांपूर्वी माफी मागणारा दहा मिनिटांनी दार ठोठावत असतो. जवळीक शोधणाऱ्याला तर नातं आधीच जुळलेलं आहे असं वाटतं. तो पाहुणचार करतो, तिच्यासाठी ताट वाढतो, आणि तिच्या भीतीचा अर्थ तो लाजणं असा लावतो. हल्ल्याच्या तयारीत असलेला बोलतच नाही. तो आधी जागेची पाहणी करून गेलेला असतो, आपली ओळख कळू देत नाही. तुमच्या माणसाने कविता म्हणायची असेल तर तो दुसऱ्या प्रकारचा आहे. मग धमक्या त्याच्या तोंडी लगेच येता कामा नयेत. तिने त्याची कल्पना मोडली, म्हणजे ताट नाकारलं किंवा त्याचं नाव चुकवलं, की मगच त्या याव्यात.

दुसरं काम : त्याला तिच्याबद्दल माहीत असलेल्या दहाबारा गोष्टींची यादी करा आणि प्रत्येकीपुढे ती त्याला कशी कळली ते लिहा. गाडीचा नंबर प्रवेशवहीतून, औषधाचं नाव कचऱ्यातल्या पाकिटावरून, आईचं गाव फोनवरचं बोलणं ऐकून. कथेत त्यातल्या तीन-चारच वापरा, वाढत्या खाजगीपणाच्या क्रमाने. आणि एक गोष्ट चुकीची ठेवा. त्याने दुरून बघून काहीतरी गृहीत धरलंय : तिच्या घरी रोज येणारा माणूस भाऊ असेल, ती डावखुरी असेल, तिला गाडी चालवता येत नसेल. तिला ही चूक उमगते, ती ती दुरुस्त करत नाही, आणि सुटकेचा धागा तिथून निघतो. त्याचं प्रेम हे माहितीवर उभं आहे आणि ती माहितीच अपुरी आहे. त्याचा पराभव यातून झाला तर तो पटतो.

त्याच्या बालपणीचं दुःख शेवटच्या दोन पानांत सांगू नका. आपल्या पडद्यावर नायकाने मुलीच्या मागे लागणं वर्षानुवर्षं प्रेम म्हणून दाखवलं गेलं आहे. वाचकाच्या मनात ती सवय आहेच. तुमच्या कथेने तिला खतपाणी घालू नये असं आम्हाला मनापासून वाटतं. त्याची बाजू समजू द्या, पण कॅमेरा तिच्यापाशी ठेवा.

प्रश्न : द्राक्षांच्या शीतगृहात दोघं अडकतात. किती वेळात गारठून मरतील? (वाचक, निफाड)

आधी खोली कोणती ते ठरवा. द्राक्षांची शीतखोली शून्य ते एक अंशाच्या आसपास असते, आर्द्रता ९० टक्क्यांच्या वर. गोठवलेल्या मालाची खोली उणे १८ किंवा त्याखाली. केळी पिकवायची खोली यापेक्षा कितीतरी उबदार. सफरचंदांसाठी ऑक्सिजन अगदी कमी केलेल्या खोल्या असतात, तिथे शिरलेला माणूस थंडीने नव्हे, प्राणवायूअभावी मिनिटांत जाईल. तिथे संवाद लिहिता येणार नाहीत.

द्राक्षांच्या खोलीत निरोगी, कोरड्या कपड्यांतला माणूस काही तास तग धरतो. नेमका आकडा लिहू नका. अंगकाठी, कपडे, ओल आणि वारा यांवर तो फिरतो. क्रम मात्र पाळा. आधी बोटं ऐकेनाशी होतात : बटण लागत नाही, फोनच्या काचेवर अक्षर उमटत नाही. मग जोराची थरथर. शरीराचं तापमान ३५ अंशांखाली गेलं की बोलणं अडखळतं, निर्णय चुकतात. ३२च्या खाली थरथर थांबू लागते, आणि अनुभव नसलेल्या माणसाला वाटतं की आता बरं वाटतंय. थंडीने मरणारे काही जण शेवटी अंगावरचे कपडे काढतात, हेही न्यायवैद्यकशास्त्रात नोंदलेलं आहे. तपास अधिकाऱ्याची दिशाभूल करायला याहून चांगला धागा सापडणार नाही.

बाष्पकाच्या, म्हणजे खोली थंड करणाऱ्या यंत्राच्या, पंख्यांचा झोत सगळ्यात जीवघेणा. क्रेटच्या थप्प्यांमागे, झोताच्या आडोशाला बसणं हे पहिलं शहाणपण. या यंत्रावर साचलेला बर्फ वितळवण्याच्या वेळी पंखे काही मिनिटं थांबतात; एकदम पसरलेल्या त्या शांततेत दोघांनाही एकमेकांचा श्वास ऐकू येईल.

दाराला आतून उघडायची मूठ किंवा ढकलायचा दांडा असायला हवा. तो मोडलेला असेल तर कधी, कुणाच्या लक्षात आलं होतं, तेही सांगा. आणि मुख्य मुद्दा : थंडी त्यालाही लागणार. म्हणून तो काय घालून आला आहे हे नायिकेने पहिल्याच नजरेत टिपावं. मे महिन्यात निफाडात कुणी जाड जाकीट घालून फिरत नाही. जाकीट अंगात असेल तर अडकणं हा अपघात नव्हता.

प्रश्न : शेवटी नायिका त्याला ठार करते. तिच्यावर गुन्हा होईल का? कलमं कोणती लिहू? (वाचक, सातारा)

घटनेची तारीख आधी ठरवा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. त्या दिवसापासूनच्या घटनेत पाठलागाला कलम ७८ लागतं; त्याआधीच्या घटनेत भारतीय दंड संहितेचं ३५४-ड, जे २०१३ च्या दुरुस्तीने आलं. पहिल्या दोषसिद्धीला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, पुढच्या वेळी पाच वर्षांपर्यंत. पहिल्या वेळचा गुन्हा जामीनपात्र आहे. तो सुटून परत का आला, याचं कारण तुम्हाला इथेच मिळतं. बेकायदेशीर कैदेसाठी नव्या संहितेत कलम १२७.

स्वसंरक्षण कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. जीव घेण्यापर्यंतचा हक्क कधी मिळतो ते कलम ३८ सांगतं : मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती, बलात्काराच्या हेतूने हल्ला, आणि तुमच्या कथेला नेमकं लागू पडणारं, म्हणजे सुटकेसाठी सरकारी यंत्रणेकडे जाताच येणार नाही अशी वाजवी भीती वाटावी अशा परिस्थितीत कोंडून ठेवण्यासाठी केलेला हल्ला. हा हक्क भीती असेपर्यंतच टिकतो, हे कलम ४०. तो बेशुद्ध पडला, दार उघडलं, आणि तिने वळून आणखी एक घाव घातला, तर तो घाव या हक्कात बसेलच असं नाही. पोलीस गुन्हा नोंदवून चौकशी करणारच. ती निर्दोष आहे हे पुढे ठरतं. तक्रार कुठल्याही ठाण्यात देता येते, हद्दीचा वाद घालून तिला परत पाठवता येत नाही.

प्रश्न : एकांकिकेत शेवटचा प्रसंग पूर्ण अंधारात करायचा आहे. (महाविद्यालयीन गट, इचलकरंजी)

फ्रेडरिक नॉट यांच्या १९६६ च्या ‘वेट अंटिल डार्क’ या नाटकात अंध नायिका घरातले दिवे घालवून हल्लेखोराला आपल्या पातळीवर आणते, आणि फ्रीजमधला दिवा मात्र तिच्या लक्षात येत नाही. अंधार आधी कुणाच्या बाजूने आहे आणि मग कुणाच्या बाजूने जातो, हे तिथे स्पष्ट आहे. तुमच्या संहितेत तसा पालट दिसला पाहिजे. नुसते दिवे घालवले तर प्रेक्षक खोकायला लागतात.

पूर्ण अंधार एका वेळी २०-३० सेकंदांपलीकडे ताणू नका. मध्ये काडी ओढा, मोबाइलचा पडदा उजळू द्या, दाराची फट दिसू द्या. जुने हॅलोजन दिवे विझताना क्षणभर लालसर रेंगाळतात, एलईडी एकदम जातात. स्पर्धेच्या नाट्यगृहात कोणते आहेत ते आधी विचारून घ्या. सभागृहातल्या बाहेर जाण्याच्या पाट्या चालूच राहतात आणि राहिल्याच पाहिजेत, त्यामुळे पुढच्या रांगांना थोडं दिसणार हे धरून चाला. पायऱ्यांच्या कडांना आणि रंगमंचाच्या पुढच्या काठाला अंधारात चमकणारी पट्टी लावा. हालचाली आकड्यांवर बसवा : चार पावलं, वळण, दोन पावलं. आधी उजेडात डोळे मिटून, मग खऱ्या अंधारात. चाकू रबराचाच घ्या.

दार अडकणार असेल तर कडीची खोड पहिल्या पाच मिनिटांत, हसण्याच्या प्रसंगात दाखवून टाका. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये सुरुवातीलाच कडीचा विषय निघतो, आणि पुढे नायिका बेणारे निघू बघते तेव्हा दार उघडत नाही. तालमीत कडी खरी, लोखंडी वापरा. खोट्या कडीचा आवाज शेवटच्या रांगेत पोचत नाही, आणि अंधारात प्रेक्षकाला दार बंद झाल्याचं फक्त आवाजावरूनच कळणार आहे.